पुलीवरची पांढरी रेघ

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला आपली जीप तवंदीच्या घाटात बंद पडली, एवढं तुम्हाला बाबांकडून कळलं असेल. नेमकं काय झालं ते कळलं नसेल, म्हणून आधी ते सांगते.

दर दसऱ्याला निपाणीजवळच्या आपल्या शेतात जाऊन बांधावरच्या शमीची पूजा करायची, जेवायचं आणि दुपारी बेळगावला परत निघायचं, असा आमचा शिरस्ता. जाताना घाट उतरायचा असतो, येताना चढायचा. त्या दिवशी अर्ध्या चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबलं. आजोबांनी ब्रेक दाबला, तरी गाडी हातभर मागे सरकली. मागे सिमेंटचा ट्रक होता. त्याचा हॉर्न आणि ब्रेकचा आवाज एकदमच आला. मी वळून पाहिलं तेव्हा ट्रकची जाळी इतकी जवळ होती की तिच्यात चिकटलेले किडे मला वेगवेगळे दिसत होते. ट्रकवाला खाली उतरून खूप बोलला. जे बोलला ते सगळं बरोबरच होतं.

एका टेम्पोने आम्हाला दोरखंडाने ओढत घरी आणलं. मी तुमच्या बाबांना फोनवर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग त्यांनी आजोबांना एक अट घातली. पुढच्या दसऱ्याला जीपने निपाणीला जाऊन स्वतःच्या चाकांवर परत यायचं. वाटेत कुठेही बंद पडली, तर ती घाटमाथ्यावरच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकायची. तो आजोबांचा जुना ओळखीचा. हॉटेलसमोर शोभेला उभी करायला जुनी जीप हवी, म्हणून कितीतरी वर्षं मागे लागला होता.

तुमच्या बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. इतक्या लांब बसून म्हातारे आईबाप त्या चढावर डोळ्यांपुढे आणायचे, हे सोपं नाही. आजोबा फोनवर फक्त "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" म्हणजे काय, हे मी पन्नास वर्षं पाहत आले आहे. ते फिरत नाही.

पण मला एक गोष्ट दिसत होती, जी तुमच्या बाबांना तिथून दिसणार नव्हती. हृदयाच्या ऑपरेशननंतर आजोबांनी एकेक करून सगळं सोडलं. शेत कसायला दिलं, म्हैस विकली, पत्ते खेळायला जाणं थांबवलं. सकाळी चहा झाला की अंगणात जाऊन जीपचं बॉनेट उघडायचं, हे एक उरलं होतं. ज्या दिवशी पाऊस लागून राहायचा आणि बॉनेट उघडता यायचं नाही, त्या दिवशी ते दहा वाजेपर्यंत अंथरुणातून उठायचे नाहीत. जीप गेली असती तर ते रोज दहा वाजता उठले असते. पुढचं मला मोजायचं नव्हतं.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं गॅरेज आहे ते मेस्त्री मूळचे उचगावचे. त्यांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला टीचर म्हणतात. दोष त्यांनी आठ दिवसांत शोधला. इंजिनाच्या चार सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. ती चौघांना एकाच वेळी देऊन चालत नाही. पंगतीत वाढणारा पानापानाने पुढे सरकतो, तशी ती ठरलेल्या क्रमाने एकेकाला द्यावी लागते. हे वाढप करणारा जो भाग, तो डिस्ट्रिब्युटर. आमच्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा झिजून डुगडुगत होता. इंजिन तापलं की वाढप चुकायचं आणि गाडी आचके द्यायची.

मूळ कंपनीचा भाग आता कुठे मिळत नाही. जुनाच लेथवर दोनदा दुरुस्त करून पाहिला, टिकला नाही. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला नव्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर मागवला. तो येता येता भादवा संपला. डब्यात बारीक अक्षरातलं चार पानी इंग्रजी माहितीपत्रक होतं. मेस्त्री ते घेऊन माझ्याकडे आले. मी रेघी कागदावर त्याचं मराठी केलं, चौदा पायऱ्या, प्रत्येकीला आकडा. पाचवी पायरी अशी होती: जुना डिस्ट्रिब्युटर काढल्यावर इंजिन फिरवू नये. मूळ पत्रकात ती जाड अक्षरात होती, म्हणून मी तिच्याखाली लाल रेघ मारली. मेस्त्रींनी तो कागद बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि म्हणाले, परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय.

नवरात्रात मेस्त्रींना सवड कुठली. सगळ्यांनाच दसऱ्याआधी गाडी नीट करून हवी असते. ते आमच्याकडे आले ते थेट खंडेनवमीच्या सकाळी, आठ वाजता. दसरा दुसऱ्या दिवशी.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत आहे. कदाचित हे माहीत नसेल की एकदा हत्यारावर फूल पडलं की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत ते कुणी उचलत नाही. आपल्या वडगावात, बेळगावच्या या विणकरांच्या भागात, वर्षभर मागांचा खडखडाट असतो. त्या एका दिवशी सगळे माग फुलं लेवून गप्प असतात. लोक सवयीने मोठ्याने बोलतात आणि मग आपल्याच आवाजाने दचकतात. मेस्त्रींचे नट आवळायचे पाने त्यांच्या वडिलांच्या वेळचे. या बाबतीत ते फार कडक. तेव्हा पूजेआधी काम संपवायचं, एवढं सकाळीच ठरलं होतं.

सुरुवात चांगली झाली. मेस्त्रींनी चारही प्लग काढले. मी ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडून खाली आकडे लिहिले. आजोबा समोर बसून पुढच्या भोकात घातलेल्या हँडलने इंजिन सावकाश फिरवू लागले आणि मेस्त्रींनी पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून धरला. आतली हवा अंगठ्याला ढकलू लागली तसे ते म्हणाले, "आला. थांबा." पहिल्या सिलिंडरला ठिणगी लागते ती याच वेळी. इंजिनाच्या पुढच्या बाजूला पंख्याचा पट्टा ज्या चाकावरून फिरतो ती पुली. तिच्याजवळ इंजिनाला लोखंडी काटा आहे. मेस्त्रींनी चंचीतला चुना बोटावर घेऊन पुलीवर काट्याच्या बरोबर समोर पांढरी रेघ ओढली. मग जुना डिस्ट्रिब्युटर उपसून काढला.

नव्याला घट्ट धरून ठेवणारी पट्टी मात्र बसेना. ती थोडी घासायला हवी होती आणि त्यासाठी ती घट्ट पकडून धरणारा शिकंजा गॅरेजात. मेस्त्री निघाले. जाताना, कुणी हात लावू नका, असं बजावून गेले. आजोबाही त्यांच्या मागे गेले. कुणी पट्टी जास्त घासेल, अशी त्यांना धास्ती.

मी अंगणात एकटी होते. पूजेचं ताट तयार होतं. ते दोघं येईपर्यंत निदान इंजिनाला हळदकुंकू लावून घ्यावं, म्हणजे पुढे घाई नको, असं मला वाटलं. रेडिएटर, बॅटरी, मग पंखा. पंख्याच्या चारही पात्यांना मी दर वर्षी बोटं ओढते. दर वर्षी पंखा जागचा हलत नाही. खालच्या पात्याला हात पोचवताना माझ्या बांगड्या अडकतात. या वेळी वरचं पातं पुसताना ते आपणच खाली गेलं आणि दुसरं वर आलं. मला बरंच वाटलं. एकेक पातं वर आणून मी पुसलं, हळद लावली, कुंकू लावलं. पंखा पूर्ण एक फेरा फिरला. प्लग काढलेले असल्यामुळे आतली हवा मोकळी सुटत होती आणि पंख्याबरोबर पट्ट्यावरून सगळं इंजिनच फिरत होतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी चौथ्या पात्याचं कुंकू लावत होते. खाली पाहिलं तर पांढरी रेघ काट्यापुढून निघून गेली होती.

समोर बॉनेटला माझ्याच अक्षरातला कागद होता. पाचवी पायरी, लाल रेघ.

मी घाबरले आणि मग जे मला आयुष्यभर येत आलं तेच केलं. वस्तू जिथली तिथे ठेवली. पट्टा धरून पंखा त्याच दिशेने हळूहळू पुढे फिरवला, रेघ फिरून काट्याजवळ आणली. केसभर पुढे गेली, ती मागे घेतली. डोळे किलकिले करून दोन्ही बाजूंनी पाहिलं. रेघ अगदी काट्यासमोर होती. म्हटलं, झालं, होतं तसं आहे. आणि कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. ठरवलं असंही नाही. सांगायचं काही उरलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ते दोघं परतले. मेस्त्रींनी आधी रेघ पाहिली, मान हलवली आणि नवा डिस्ट्रिब्युटर भोकात उतरवला. तो खटकन बसला. आतला फिरता हात कुठे तोंड करून थांबला ते पाहून त्यांनी पहिल्या सिलिंडरची वायर तिथे लावली आणि बाकीच्या क्रमाने पुढे. आजोबांनी विचारलं, जुन्यात तर हे तोंड रेडिएटरकडे असायचं, यात मागे कसं? मेस्त्री म्हणाले, दुसऱ्याचा माल आहे, त्याचं तोंड त्यानं हवं तिकडं केलं असणार. आजोबांना पटलं. मी ताटातली फुलं विनाकारण मोजत होते.

प्लग परत बसवले आणि साडेबाराला शेवटचा नट आवळला. आता पाना लागणार नाही, पूजा करून घेऊ, मग गाडी चालू करू, असं मेस्त्रीच म्हणाले. त्यांची सगळी हत्यारं रॉकेलने पुसून जीपसमोर फळीवर मांडली, आजोबांचीही त्यात ठेवली. मी पूजा केली, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारची विणकर आक्का, तिचा मुलगा, समोरच्या घरातली माणसं प्रसादाला आली होती. आजोबा टोपी नीट करून स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी सेल्फ मारला.

इंजिन चार वेळा घरघरलं आणि सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. माग बंद असल्यामुळे तो सगळ्या गल्लीत घुमला. कुत्री भुंकू लागली. आक्का आजोबांना म्हणाली, "आप्पा, दिवाळीला अजून वेळ हाय की ओ." सगळे हसले. आजोबाही थोडं हसले.

दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. आवाजाबरोबर सायलेन्सरमधून काळा धूर आला. मेस्त्रींनी वायरी एकेक दाबून पाहिल्या, क्रम तोंडाने म्हटला, एक, तीन, चार, दोन. क्रम बरोबर होता. तिसऱ्या वेळी कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर आला.

मी पायरीजवळचं ओलं गोणपाट उचललं. मेस्त्रींनी ते माझ्या हातून हिसकून कार्बोरेटरवर दाबलं. पेट्रोलची नळी तिथून चार बोटांवर होती. गोणपाटाच्या कडेने वाफ आली, रबर जळल्याचा वास आला आणि जाळ विझला. मेस्त्रींच्या हातावरचे केस करपले होते. आजोबा स्टिअरिंगवरून हलले नव्हते. उतरायचं त्यांना सुचलं नव्हतं की उतरायचंच नव्हतं, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर दोघांचं वाजलं. मेस्त्रींचं म्हणणं, नवा डिस्ट्रिब्युटरच खराब निघाला. आजोबांचं म्हणणं, तो काढून पुन्हा बसवून बघा. मेस्त्री म्हणाले, उद्या सकाळी बघतो.

"उद्या सकाळी सहाला आम्हाला निघायचंय," आजोबा म्हणाले. "पाना उचला."

"न्हाय आप्पा. फूल पडलंय."

"देवाला पाना लागत न्हाय, मेस्त्री. मला लागतोय."

"माझ्या बापानं कवा उचलला न्हाय. ह्या एका दिवशी मला सांगू नका."

आजोबांनी पुन्हा सेल्फ मारला. या वेळी इंजिन कण्हलं आणि थांबलं. बॅटरी उतरली होती.

मला तोवर कळलं होतं. काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण कुणाचं चुकलं ते पहिल्या आवाजालाच कळलं होतं. मी का बोलले नाही, याचं उत्तर मला तुम्हाला प्रामाणिकपणे द्यायचं आहे. चौतीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या. तो कागद माझ्या हातचा होता आणि गल्लीतली दहा माणसं उभी होती. शिवाय मी रेघ परत जागेवर ठेवली होती. ती अजूनही मला आधार देत होती. दोष मेस्त्रींवर जातो आहे, नव्या भागावर जातो आहे, हे मला ऐकू येत होतं आणि मी ऐकत होते.

आजोबा खाली उतरले आणि सीटमागून हँडल काढलं. ते पूजेत मांडायचं राहून गेलं होतं. सेल्फने काम होत नाही, हँडलने जोरात फिरवलं तर इंजिन धरेल, असं ते म्हणाले. मेस्त्रींचं दोन महिन्यांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना जोर करायची बंदी होती. आक्काचा मुलगा पुढे झाला, पण आजोबांनी हँडल त्याच्या हाती दिलं नाही.

"आप्पा, नको," मेस्त्री म्हणाले. आता त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. "इंजिन उलटं मारायलंय. हँडल परत फिरलं तर मनगट राहणार न्हाय." त्यांनी आपला उजवा अंगठा दाखवला. तो मधल्या सांध्यात वाकडा आहे. तो तसा कशाने झाला, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आजोबांनी हँडल भोकात घातलं. पाय रोवले. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसली. डॉक्टरांनी त्यांना पाण्याची भरलेली बादली उचलायलाही मनाई केली आहे.

"थांबा," मी म्हटलं. "मी पंखा फिरवला होता."

आजोबा वाकलेलेच राहिले. मेस्त्री माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं. हळदकुंकू, एक फेरा, रेघ परत काट्यासमोर. सांगताना मी पदराने हात पुसत होते, हात कोरडे होते तरी.

मग जीपच्या पायरीवर टेकले.

"टीचर, पिस्टन दोनदा वर येतोय," ते म्हणाले. "एकदा पेट्रोल दाबायला, एकदा धूर बाहेर ढकलायला. ठिणगी पहिल्या बारीला लागती. पण रेघ दोन्ही बारीला तिथंच येती. तुम्ही एक फेरा फिरवून ती दुसऱ्या बारीला आणून ठेवली."

"म्हणजे उलटं झालं," मी म्हटलं.

"उलटंच. आणि रेघ थोडी इकडं तिकडं ठेवली असती तर मी परत अंगठा लावून बघितलं असतं. तुम्ही इतकी नीट ठेवली की मला शंकाच आली न्हाय."

आक्का तोंडावर पदर घेऊन हसू लागली. मला त्या हसण्याचा राग आला नाही. आजोबांनी हँडल भोकातून काढलं, सरळ उभे राहिले आणि मेस्त्रींना एवढंच विचारलं, की याला पाना लागतो का.

मेस्त्रींनी दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे. वायरी हातानेच निघतात. त्यांनी पहिलीच्या जागी चौथी लावली, चौथीच्या जागी पहिली. दुसरी आणि तिसरी अदलाबदल केली. पाच मिनिटंही लागली नाहीत. पण बॅटरी उतरलेलीच होती. आजोबांची नजर पुन्हा हँडलकडे गेली. तेव्हा मी पुढे होऊन ते हँडल उचललं आणि घरात नेऊन स्वयंपाकघराच्या दारामागे उभं केलं. बाहेर येऊन म्हटलं, ढकला.

सुट्टीच्या दिवशी विणकर गल्लीत माणसांना तोटा नसतो. सातआठ जण मागे लागले, त्यात आक्काही होती. चाकांखालची लिंबं फुटली. जीप फाटकातून बाहेर पडली आणि उताराला लागली. आजोबांनी दुसरा गिअर टाकून ठेवला होता. मारुतीच्या देवळाजवळ त्यांनी क्लच सोडला. गाडीने एक धक्का खाल्ला. मी कानावर हात ठेवले. आवाज झाला नाही. दुसरा धक्का, आणि मग इंजिन चालू झालं. थोडं अडखळत होतं, पण चालू होतं.

आजोबा गल्लीला वळसा घालून परत आले. मी फाटकाशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जेवताना बोलले नाहीत, संध्याकाळच्या चहालाही नाहीत. मेस्त्रींवर ते रागावले होते आणि त्याबद्दल त्यांची माफी मागून आले, हे मला आक्काकडून समजलं. माझ्याशी ते रात्री औषधाची गोळी घेताना बोलले. "तू बोलली नसतीस तर मी हँडल मारलंच असतं," म्हणाले. मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणून तर बोलले." एवढंच.

दसऱ्याला पहाटे मेस्त्री अंघोळ करून आले. रात्रभर जागेवरच चार्जिंगला लावून ठेवलेल्या बॅटरीवर इंजिन चालू केलं, हत्यारांना नमस्कार करून एक पाना उचलला, डिस्ट्रिब्युटर दोन बोटं फिरवला, आवाज ऐकला, पुन्हा थोडा मागे घेतला आणि नट आवळला. अडखळणं थांबलं. सव्वासहाला आम्ही निघालो.

जाण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाडी थंड होती, हवा थंड होती, घाट उताराचा होता. शेतात शमीची पूजा झाली, सोनं वाटलं. मला जेवण गेलं नाही. दोन वाजता परत निघालो तेव्हा ऊन कडक होतं. घाटाच्या पायथ्याशी आजोबांनी गाडी थांबवली नाही. मागच्या वर्षी तिथे थांबून रेडिएटरमध्ये पाणी घातलं होतं. या वेळी ते म्हणाले, आता थांबलो तर पुन्हा निघायचा धीर होणार नाही.

चढ सुरू झाला. मी काट्याकडे बघत होते, तापमानाच्या. तो हळूहळू वर सरकत होता. आरशात एक ट्रक आला, मग दुसरा. आजोबांनी गिअर खाली घेतला. इंजिनाचा आवाज जड झाला. मागच्या वर्षी इथूनच पुढे आचके सुरू झाले होते. मी पिशवीतला मोठा दगड पायाशी घेऊन बसले होते, गाडी थांबलीच तर उडी मारून चाकामागे लावायला. आजोबांना तो दिसला होता. ती जागा आली. रस्त्याच्या कडेचा तो दगडी कठडा मला ओळखता आला. आवाजात एकदा काहीतरी बदललं, माझा हात दगडावर गेला, पण आजोबांनीच ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलला होता. मागचा ट्रक हॉर्न देऊन बाजूने पुढे गेला. कठडा मागे पडला. चढ आणखी होता आणि गाडी चढत होती.

घाटमाथ्यावर हॉटेलवाला रस्त्याच्या कडेला येऊन उभा होता. शेतावरच्या कुणीतरी त्याला फोन केला असावा. हॉटेलसमोर त्याने सिमेंटचा चौकोनी कट्टा बांधून ठेवला होता. कडेला गेरू, दोन कोपऱ्यांत झेंडूच्या कुंड्या, चाकं चढवायला उतार. कट्टा ओला होता अजून. आजोबांनी इंजिन चालूच ठेवलं आणि तिथे उभ्या उभ्या चहा घेतला. हॉटेलवाला कधी गाडीकडे बघायचा, कधी कट्ट्याकडे. आजोबा त्याला म्हणाले, "त्यावर तुळस लाव गा. लई शोभंल."

संध्याकाळी पाचला जीप आपल्या अंगणात आली. आजोबांनी चावी फिरवली, हात मांडीवर ठेवून थोडा वेळ तसेच बसले. मी तुमच्या बाबांना फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. आजोबा म्हणाले, "अंगणात हाय. आपली आपण आली." मग ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

"राहू दे म्हणाला," आजोबांनी सांगितलं, आणि इंजिन अजून गरम आहे, हात लावू नको, असं मला बजावून ते पाय धुवायला गेले.